तोंड राहिलेलं चित्र

नरहरराव जाऊन सव्वा महिना झाला, तरी कमलकाकूंच्या डोळ्यांतून टिपूस नाही. "दगडच आहे बाई," असं टाउनशिपमधल्या, अयोध्या नगरच्या बायका आपसांत बोलल्या. काकूंनी ते ऐकलं आणि तांदूळ निवडत राहिल्या. दगड तर दगड. खरं म्हणजे आत काही हालतच नव्हतं. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही ना, तसं.

नरहरराव कारखान्यात रंगखात्यात होते. दिवसभर मशिनींना राखाडी रंग फासायचा आणि सुटी झाली की टाउनशिपच्या चित्रकार मंडळात पळायचं. मंडळ म्हणजे कम्युनिटी हॉलची मागची खोली आणि आठ-दहा हौशी माणसं. पगार कुणालाच नाही. वर्षातून एक प्रदर्शन. त्याचे खिळेही आपणच ठोकायचे अन् चहाही आपणच वाटायचा. 'बिनपगारी ड्यूटी,' असं काकूंनी त्याला नाव ठेवलं होतं.

यंदाचं प्रदर्शन फक्त नरहररावांच्या चित्रांचं. मंडळाचे सचिव प्रभाकरभाऊजी दुपारीच स्कूटर घेऊन न्यायला आले. संध्याकाळी उद्घाटन होतं.

हॉलमध्ये मधोमध शेवटचं चित्र टांगलेलं. काकू तिथंच थबकल्या.

अंगणात सूप घेऊन बसलेली बाई. हिरवी साडी, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. सगळं काकूंचंच. फक्त तोंड काढायचं राहिलं होतं. वर्षभर नरहरराव मागे लागले होते, "कमल, दहा मिनिटं बस."

"दहा मिनिटांत माझ्या पोळ्या होतात. अन् या तोंडाचं काय चित्र काढायचं? रोज तर बघता."

"बघतो, पण तू थांबतेस कुठं?"

आता तिथं तोंड होतं. गोरंगोमटं, हसरं.

"हे कुणी केलं?"

शाळेत चित्रकला शिकवणारी रजनी हौसेनं पुढं आली. "मी, काकू! तुमच्या भाचीच्या लग्नातल्या फोटोवरून."

"वहिनी, मंडळाची रीत आहे ही," प्रभाकरभाऊजी म्हणाले. "गेलेल्या माणसाचं काम अर्धं ठेवत नाही आम्ही. आमच्यातला गोपीनाथ गेला तेव्हा त्याचं तलावाचं चित्र नरहरनंच पुरं केलं होतं."

"तलावाचं काय, कुणीही पाणी भरावं. हे माझं तोंड आहे, भाऊजी." काकूंचा आवाज चढला नाही. "फोटोवाला हसा म्हणाला, म्हणून हसले होते. यांच्यासमोर असं कधी हसले नाही मी. पुसा हे."

रजनीचे डोळे भरले. "चांगलं नाही झालं का, काकू?"

"चांगलं झालंय, पोरी. तेच तर. इतकी गोड बाई घरात असती, तर हा माणूस रोज संध्याकाळी इथं कशाला आला असता?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"पण वहिनी, लोक येतील. बिनतोंडाचं चित्र कसं टांगायचं?"

"त्यांनी ठेवलं होतं, तसं."

प्रभाकरभाऊजींनी रजनीकडं पाहिलं आणि मान हलवली. रंग परवाचाच, ओला होता. टरपेंटाइनच्या बोळ्यानं आधी हसू गेलं, मग नाक, मग डोळे. खालून नरहररावांनी दिलेला राखाडी रंगाचा पहिला हात वर आला. गुलाबी झाक तेवढी राहिली. ती काही निघेना.

काकूंनी खुर्ची ओढली आणि चित्रासमोर बसल्या.

"थकलात का, वहिनी?"

"नाही. दहा मिनिटं मागितली होती त्यांनी."

काकू हात मांडीवर ठेवून त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिल्या. आता काहीतरी होईल, असं त्यांना वाटलं. झालं नाही. टरपेंटाइनचा वास येत होता. हाच वास जन्मभर त्यांनी नरहररावांच्या सदऱ्यांतून घासघासून काढला होता. तरी डोळे कोरडेच.

कारखान्याचा भोंगा झाला.

"झाली का हो दहा मिनिटं?"

"पंधरा झाली, वहिनी."

काकूंनी बरं म्हणून मान हलवली. पण उठल्या नाहीत.