तिसरी भाकरी

कोरेगावच्या आमच्या भरती अकॅडमीत पोरंपोरी पोलिस व्हायला येतात, आणि त्यांच्या भाकऱ्या मी थापते. हातांना काम असतं, तोंड रिकामं असतं. माझं तेच वाईट.

सोनिया वडूजकडची. बाप बिराप्पा मेंढरं राखतो. आठ दिवसांवर तिची भरती, आठशे मीटर पळायचं. एरवी दोन भाकऱ्यांत उठणारी पोर. सोमवारी तिनं तिसरी मागितली आणि माझ्या तोंडून गेलं, "अगं, तुझ्या बापाची मेंढरं बी एवढी चरत न्हाईत!"

अख्खी पंगत हसली. माझा विनोद एवढा कधी चालला नव्हता, म्हणून मीही हसले. सोनियानं पुढं केलेला हात मागं घेतला.

त्यानंतर ती एका भाकरीवर उठू लागली. मला दिसत होतं. मला वाटलं, नखरे.

शुक्रवारी सकाळी दुसऱ्या फेरीत ती मैदानावर कोसळली. लिंबूपाणी घेऊन मी धावले. तिला व्हरांड्यात सतरंजीवर निजवलं होतं. पोरींना पळवणाऱ्या माया मॅडम शेजारी वही उघडून बसल्या होत्या. प्रत्येक पोरीची वेळ, वजन आणि पाळीची तारीख त्या वहीत असते.

"उद्या-परवा यायचीय हिला," त्या म्हणाल्या. "मावशी, पाळीच्या आधीच्या आठवड्यात बऱ्याच पोरींचं शरीर जरा जास्त ऊर्जा जाळतं. भूक वाढते. अंग पाणी धरतं, काटा किलोभर पुढं जातो, नि पोरी घाबरून खाणं तोडतात. त्यात वरून पळायचं. हिला कुणी खाण्यावरून बोललं का?"

"न्हाई बा," मी म्हणाले.

सोनियाचे डोळे मिटलेले होते, पण पापणी हलली. तिनं ऐकलं होतं. तरी माझं नाव घेतलं नाही.

"परत चक्कर आली तर मी हिला भरतीला पाठवणार नाही," मॅडमनी वही मिटली.

शेचाळीस वर्षांची बाई मी. पाळी यायच्या आधी डब्यातला गुळाचा खडा चोरून, आवाज नको म्हणून न चावता चघळणारी पोर मीच होते. आई खादाड म्हणायची. ते मी विसरलेही नव्हते. तरी बोललेच.

दुपारी पंगत बसली. एक भाकरी खाऊन सोनिया उठायला लागली. मी परात घेऊन तिच्यापुढं उभी राहिले. मॅडम दारात होत्या. आवाज सोमवारचाच लावला, अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असा.

"मॅडम, सकाळी मी खोटं बोलले. हिला मीच बोलले, मेंढरांवरनं. हितंच, सगळ्यांदेखत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी रोज सगळ्यांच्या मागून, शेगडीपाशी खाते. त्या दिवशी ताट घेऊन सोनियाशेजारी बसले. एक भाकरी माझ्या ताटात, एक तिच्या.

तिनं भाकरी उलटून पाहिली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "ही करपलीया. तुमची द्या."

मी माझी दिली. तिसरी मात्र तिनं आपल्या हातानं परातीतून घेतली.