पोच न आलेली बोट

बोट बुडाली. पण आवक-जावक विभागातल्या बाईंसमोर हा विषय कोणी काढत नाही, तेव्हा आपणही काढायला नको. तर, बोट बुडालेली नाही.

बोट खेळातली. भाचीने पाठवलेला, फुकटातला, जुन्या वळणाचा खेळ. वीस मिनिटांत संपणारा. चार रंग, तीन बेटं, एक शीड आणि चौदा चौकोनांचा एक खलाशी. त्याला तोंड नाही; तोंडापर्यंत चौकोन पुरले नाहीत. सुरुवातीला खेळ खलाशाचं नाव विचारतो. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मशीनवर तो उघडला आणि सवयीप्रमाणे आडनाव आधी लावून, वडिलांचं नाव टाकलं.

वडील खरोखरच बोटीवर होते. बाई सात वर्षांच्या असताना त्यांची बोट निघाली. पोहोचल्याचा कागद आला नाही, बुडाल्याचाही नाही. आई एकोणीस वर्षं बंदरावर जाऊन उभी राहिली, मग तीही गेली. बाईंनी नोकरीत हजारो टपालांची पोच मिळवली, खोटी नोंद एकही केली नाही. हे एकच प्रकरण उघडं होतं.

तिसरं बेट मागे पडलं, बंदर दिसू लागलं आणि खलाशाने आपण होऊन शीड उतरवलं. खाली पिवळी अक्षरं उमटली : ‘ठमे, जेवलीस का?’

ठमी हे लहानपणचं, वडिलांच्या हाकेतलं नाव बाईंनी कुठेही टाइप केलं नव्हतं. त्यांनी भाचीला फोन लावला.

"तुझा खलाशी बोलतो का गं?"

"छे, मावशी. बंदराला लागतो, शिट्टी वाजते, संपलं. तू अजून पोचली नाहीस?"

"पोचेन. घाई काय आहे?"

पर्याय दोनच होते, हो आणि नाही. बाईंनी आधी डबा संपवला, मग ‘हो’ दाबलं.

‘बरं. बटण बंद करू नकोस. इथे फार अंधार असतो.’

अकरा दिवस मशीन चालूच राहिलं. बाराव्या दिवशी टेबलाखालची फरशी ओली दिसली. शिपायाने बोट बुडवून चाखलं.

"खारं आहे," तो म्हणाला आणि फडकं आणायला गेला.

त्याच दुपारी कॉम्प्युटरवाला आला.

"मॅडम, जुनी मशीन आज जमा करायचीत. यात तुमचं काही आहे?"

"वडील आहेत."

"मग पेन ड्राइव्हवर घ्या की."

"येत नाहीत ते. मी बघितलं करून."

"बरं, पाच मिनिटं घ्या. तोवर बाजूचं सोडवतो." तो शेजारच्या टेबलाखाली वाकला आणि वायरी गुंडाळू लागला.

बाईंनी बंदराच्या दिशेचं बटण दाबलं. बोट हलली नाही. अक्षरं आली : ‘आई बंदरावर आली आहे ना?’

हो. नाही.

बाईंचं बोट बराच वेळ ‘हो’वर राहिलं. मग त्यांनी ते उचललं आणि कोरा कागद ओढला.

‘प्रति, कार्यालय प्रमुख. विषय : यंत्र क्रमांक चार बंद न करणेबाबत. महोदय, सदर यंत्रात अर्जदाराचे वडील प्रवासात असून त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे बाकी आहे. खरे उत्तर दिल्यास ते येणार नाहीत, असे वाटते. तरी उत्तरासाठी मुदत मिळावी व तोपर्यंत वीजपुरवठा चालू ठेवावा, ही नम्र विनंती. मुदत किती, हे आज सांगता येत नाही.’