सकाळी अडकणारी वायर

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. गिअरच्या सायकलची. आता शिलाई मशीनच्या वरच्या खिळ्याला वेटोळं करून टांगलेली असते. टोकाच्या चार तारा विस्कटल्या आहेत. एका मुलीचा शब्द खरा की खोटा हे एकदा माझ्यावर अवलंबून होतं आणि मी तिला खोटं पाडलं. हे सांगताना आजही मला मान वर करवत नाही. पण सांगते.

बारीक पोलादी तारा एकत्र पिळून एका कारखान्यात मला घडवलं. अंग इतकं गुळगुळीत, की बोट फिरवलं तर मध्ये कुठं थांबत नसे. मूळ करमाडचे बद्रीनाथ शेंद्र्याच्या कंपनीत कामाला. त्यांनी आपल्या लेकीसाठी, संस्कृतीसाठी, जाड टायरची सायकल आणली आणि तिच्यासोबत मी पुंडलिकनगरच्या घरात आले.

उजव्या मुठीपासून मागच्या चाकापर्यंत माझी वाट. बरीचशी काळ्या नळीच्या आतून. संस्कृतीनं अंगठ्यानं खटका दाबला की मी ओढली जायची, साखळी मोठ्या चक्रावर चढायची आणि चढण हलकी व्हायची. दुसरा खटका दाबला की मला मोकळं सोडलं जायचं. मागची स्प्रिंग मला खेचून घ्यायची, साखळी लहान चक्रावर उतरायची आणि सपाट रस्त्यावर सायकल सुसाट पळायची. मित्रांनो, ओढलं जाणं सोपं असतं, त्याला अंगठ्याचा जोर मिळतो. नळीतून अलगद मागं सरकणं मात्र कठीण. त्यासाठी आतून स्वच्छ असावं लागतं.

दोन वर्षं मी हे काम चोख केलं. "हिचा गिअर लोण्यावानी पडतो," असं सायकल दुरुस्तीचा दुकानदार कडूबा म्हणायचा तेव्हा मी नळीतल्या नळीत फुगायचे.

मग खंडेनवमी आली. संस्कृतीची आई आशाबाई घरी कपडे शिवते. तिनं सकाळीच मशीन पुसलं, त्याच्या तेलाचे थेंब जागच्या जागी सोडले, हळदीकुंकू वाहिलं. नंतर सायकल धुतली. हळदीकुंकू लावून झेंडूची माळ घातली. आणि वाटीत खोबरेल तेल घेऊन माझ्यापाशी बसली.

"आई, मशीनचंच तेल लाव ना," संस्कृती म्हणाली.

"ते काळं-पिवळं? लेकीच्या गाडीला चांगलं नको व्हय? हे डोक्याला चालतंय, गाडीला का नाय चालणार?"

कापसाच्या बोळ्यानं तिनं मला वरून खालपर्यंत तेल चोळलं. नळीच्या तोंडातही थेंब थेंब सोडलं. किती मायेनं. मी सुगंधी होऊन नटून बसले. आतून जरा जड वाटलं, तरी कुरकुरले नाही. रस्त्याची धूळ त्या तेलाला चिकटू लागली, तेव्हाही गप्पच राहिले.

डिसेंबर उजाडला. जिल्ह्याच्या सायकल संघाची निवड विद्यापीठामागच्या टेकडीवर होती. एक चढण, मग वर लांबलचक सपाटी. पहिले चार संघात. संस्कृती सहा महिने पहाटे उठून सराव करत होती.

भल्या सकाळी शिट्टी वाजली. रात्रीतून अचानक असा गारठा पडला होता, की मुलांच्या तोंडातून वाफ निघत होती. संस्कृतीनं हलका गिअर टाकला, मी ओढली गेले आणि ती सगळ्यांच्या पुढं चढून गेली. वर पोचताच तिनं दुसरा खटका दाबला. मी हलले नाही. तिनं परत दाबला. स्प्रिंग मला मागं खेचत होती, पण नळीत मी जागच्या जागी रुतले होते. सपाटीवर तिचे पाय नुसते भिरभिरत राहिले. सायकल पुढं जाईना. एक गेला, दोन गेले, करता करता आठ जण तिला मागं टाकून गेले.

पोरं चढली-उतरली, पुढच्या गटांच्या फेऱ्या झाल्या, अकरा वाजले. सायकली उन्हात उभ्या होत्या. संघ निवडणारे इंद्रजीत सर वही घेऊन आले.

"संस्कृती, वर जाऊन दम सोडलास. गिअर का नाही टाकला?"

"टाकला होता सर. पडला नाही."

सरांनी मागचं चाक उचललं, पायडल फिरवलं आणि खटका दाबला. आणि मित्रांनो, मी सरकले. टक्, टक्, टक्. एकदाही न अडखळता. त्या वेळी अडकून राहिले असते तर किती बरं झालं असतं.

"काय झालंय याला?" सर हळूच म्हणाले. "चूक झाली तर झाली म्हणावं बेटा. सायकलवर ढकलू नये."

"सर, हिचा गिअरपण हिच्यासारखाच," मागून कुणीतरी म्हणालं, "उन्हं वर आल्याशिवाय उठत नाय." सगळे हसले.

संस्कृतीनं सायकल वळवली. घरी येताना क्रांती चौकात सिग्नलला थांबली, तेव्हा तिच्या डोळ्यांतून पडलेला एक थेंब माझ्या नळीवर आला. मला तोही पुसता येत नव्हता.

दुपारी ती कडूबाकडं गेली. त्यानं दहा वेळा गिअर टाकून पाहिला. "वायर चांगली हाय पोरी. तुझाच अंगठा कच्चा पडला असंल." दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा अडकले आणि दुपारी पुन्हा सुटले. चार दिवस हेच. शेवटी तिनं सायकल गॅलरीच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि सराव बंद केला.

पाचव्या सकाळी गॅलरीत आशाबाई तिची वेणी घालायला बसली. खोबरेलाची बाटली उलटी केली, तळव्यावर आपटली. तेल पार गोठलेलं. केसातली पिन आत घालून ती पांढरा खडा उकरू लागली.

"आई, माझा गिअर सकाळी खरंच अडकतो," संस्कृती गुडघ्यात तोंड घालून म्हणाली. "उन्हात ठेवलं की सुटतो. तुलापण खोटं वाटतं का?"

आशाबाईचा हात थांबला. तिनं बाटलीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. नळीच्या तोंडाशी तिनं बोट लावून नाकाशी नेलं, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आमच्या दोघींची लाज एकच आहे. ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

पण तिनं अर्धी वेणी तशीच सोडली, डोक्यावर पदर घेतला आणि सायकल हातानं ढकलत कडूबाच्या दुकानाशी नेली. तो शटर वर करत होता.

"भाऊ, आत्ता बघा. ऊन लागायच्या आत."

कडूबानं मला नळीतून खेचून काढलं. माझ्या अंगावर पांढरे खडे, त्यात काळी धूळ, मधूनच कुंकवाची लाली. मी सगळ्यांसमोर उघडी पडले.

"वैनी, ही वायर हाय का बर्फी?" तो म्हणाला. "कुणी केली ही करामत?"

"मी, काका," संस्कृती पटकन म्हणाली.

"नाय," आशाबाई म्हणाली. "मी केली. ही लावू नको म्हणत व्हती."

कडूबानं मला रॉकेलनं धुतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, नळी नवी घातली. "तेल लई नको. मशीनचं एक थेंब बोटाला घ्या, वायरीवर फिरवा आन् परत पुसून टाका. म्हयन्यातून एकदा. बास."

तिथूनच आशाबाई लेकीला घेऊन सर सराव घेत त्या मैदानावर गेली. पोरांच्या देखत तिनं सरांना सगळं सांगितलं.  संघाची नावं पुढं गेली होती, ती बदलणार नव्हती. पण सरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "संस्कृतीनं गिअर टाकला होता. पाहायला मी उशीर केला." कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तिनं सायकल बाहेर काढली. गारठ्यात खटका दाबला आणि मी सरकले.

मित्रांनो, तुमच्या वायरीलाही धूळ लागते. तिला अधूनमधून बाहेर काढा, पुसा, लागेल तेवढंच तेल द्या. आणि कुणी म्हणालं की सकाळी अडकतं, तर सकाळीच जाऊन बघा. दुपारी तर मीही चांगली दिसत होते.

यंदा माझ्या तारा विस्कटल्या म्हणून सायकलला नवी वायर आली. परवा खंडेनवमी झाली. आशाबाईनं सायकलला झेंडूची माळ घातली, हँडलला हळदीकुंकू लावलं. सवयीनं खोबरेलाची वाटीही आणली होती. नव्या वायरीपाशी तिचं बोट क्षणभर थांबलं. मग तिनं वर खिळ्याकडं पाहिलं, मी टांगलेली होते तिथं.

"ये गं इकडं," तिनं संस्कृतीला हाक मारली, समोर बसवलं आणि ती अख्खी वाटी तिच्या डोक्यात जिरवली.