सांबराचा काठ

आमच्या सक्करदऱ्याच्या घरात कापड उजेडात धरल्याशिवाय कोणी पाहत नाही. हातमाग बंद पडून जमाना झाला, पण आमच्या यांची विणकराची सवय काही गेली नाही. टॉवेल आणला, धर खिडकीसमोर. पोरीचा ड्रेस आणला, धर खिडकीसमोर. म्हणून प्रणालीनं मोबाइलवर वाघाचा फोटो दाखवला अन् यांनी मोबाइलच उचलून खिडकीत धरला, तेव्हा मले हसू आलं.

"वा पोरी! काय वाघ आहे वं!" हे म्हणाले.

मोबाइल केव्हाचा बंद होऊन काळा पडला होता.

मी हसता हसता थांबली. यांले काचबिंदू आहे, डोळ्यांत थेंब टाकून राहिले, एवढं आम्हाले ठाऊक होतं. नजर इतकी गेली, हे या माणसानं लपवलं होतं. पोरगी दर रविवारी उमरेडच्या जंगलातून फोटो आणते, अन् हे न पाहताच वा वा करून राहिले! असा संताप आला मले.

"काहून लपवलं जी?"

"सांगितलं असतं तर तिनं कॅमेरा ठेवून दिला असता."

डॉक्टरनं साफ सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. घरी आल्यावर प्रणाली म्हणाली, "आई, बाबाले एकदा जंगलात नेऊ. थोडंफार दिसते तोवर."

"घरात दिसत नाही, ते जिप्सीत बसून काय दिसणार आहे, डोंबल?" मी बोलली. तरी पोळ्या अन् ठेचा बांधून सगळ्यांच्या आधी तयार मीच.

जंगलात हाडं गोठवणारी थंडी. गाइड देवराव मोठा बोलका. "नत्थूजी, डावीकडं पाहा, नीलगाय. तो पाहा मोर." हे त्या त्या बाजूले मान वळवत अन् "हो हो" म्हणत. नीलगाय पळून गेली तरी यांचं "हो हो" चालूच. मले पाहवेना. मी शाल तोंडावर ओढून घेतली.

तेवढ्यात रस्ता वळला अन् सूर्य एकदम तोंडावर आला. समोर धुळीत मोठ्या शिंगांचं सांबर उभं होतं.

"गाडी पलीकडं घ्या," प्रणाली कुजबुजली, "ऊन समोर आहे, फोटो काळा येईल."

"फिरवू नको!" हे जिप्सीचा दांडा धरून उभेच राहिले. "काठ दिसून राहिला."

"कशाचा काठ जी?"

"जरीचा! पाठीवरून आला, मानेवर चढला, मग शिंगाले फाटे फुटले... अवं मैना, वाफ निघून राहिली त्याच्या तोंडातून!"

मी शाल बाजूले केली. देवा रे! अंग सगळं काळं, अन् भोवती सोन्याची एकच तार फिरलेली. मानेचा केस न् केस वेगळा. श्वास सोडला की सोनेरी वाफ वर जाये अन् उन्हात विरून जाये. मी चांगली डोळस बाई, पण असं काही जन्मात पाह्यलं नव्हतं. हे रडून राहिले होते. मीही.

प्रणालीनं गाडी फिरवली नाही. कॅमेऱ्यातला उजेड कमी करत गेली, सांबराचं अंग अंधारात जाऊ दिलं अन् काठ तेवढा ठेवला.

घरी तिनं तो फोटो टीव्हीवर लावला. हे काचेले नाक लावून बसले, बोटानं काठ गिरवत. जेवायले उठेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध गॅसवर ठेवलं, तर पलंगावरून आवाज आला, "अवं, जराशी दारात उभी राह्य ना."

"काहून? कामं पडली आहेत मले."

"ऊन पाठीमागून येऊ दे."

मी चिडणार होती. पण मले समजलं, अन् मी जाऊन दारात उभी राहिली. हे पाहत राहिले.

"जाडी झाली वं तू," म्हणाले अन् हसले. मग हळूच म्हणाले, "कानापाशी केस सुटले आहेत तुहे. किती दिवसांनी दिसली वं."

आत दूध उतू गेल्याचा वास आला. जाऊ दे म्हणलं. ऊन दारातून सरकेपर्यंत मी जागची हलली नाही.