ढेऱ्याचं पोट

“अहो, आधी इकडे या! ह्यात काहीतरी वळवळतंय!”

मागच्या गॅलरीतून बायकोची हाक आली तेव्हा तो दाढी करत होता. गालावरचा फेस तसाच ठेवून तो गेला. कुत्र्याचं पिल्लू कोपऱ्यात पाय आखडून उभं होतं आणि वर्तमानपत्रावर स्वतःच केलेल्या घाणीकडे ती दुसऱ्या कुणाची असल्यासारखं बघत होतं. घाण पातळ, पिवळट, आंबूस वासाची होती. तिच्यात पांढरे, दोऱ्यासारखे जंत होते आणि त्यातले एकदोन अजून जिवंत होते.

“जंत आहेत. असतात पिल्लांना,” तो म्हणाला. “किंचाळतेस काय एवढी?”

“कालपासून जुलाब होतायत त्याला. जनावरांच्या दवाखान्यात नेऊ या ना. बाजाराच्या मागेच आहे.”

“घरात डॉक्टर असताना?”

“तुमची माणसांची औषधं त्याला द्यायची नाहीत हां. सांगून ठेवते. मी आंघोळ करून येते, मग आपण जाऊ.”

तो डॉक्टर नव्हता. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्याचे केस पिकले होते, एवढीच त्याची पदवी. गल्लीतले लोक त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचे. आधी चेष्टेनं म्हणायचे, मग सवयीनं, आणि शेवटी भाबडेपणानं. तिथंच सगळं नासलं. “डॉक्टर, पोट बिघडलंय.” “डॉक्टर, पोरगी रात्रभर खोकतेय.” हा कधी उलट प्रश्न विचारत नसे. ड्रॉवर ओढायचा, पट्टी काढायची, कात्रीनं दोन गोळ्या कापून द्यायच्या. माणूस बरा झाला तर गुण ह्याच्या हाताचा. नाही झाला तर तो दुसरीकडे जायचा आणि त्याचं पुढं काय झालं हे ह्याला कधी कळायचं नाही. असल्या धंद्यात कुणाचीही छाती फुगते.

पिल्लू त्यानंच आणलं होतं. मुलगी लग्न करून लांबच्या शहरात गेली आणि घर चिडीचूप झालं. “तुम्ही दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलता. मी कुणाशी बोलू, कुकरशी?” असं बायको एकदा म्हणाली, तेव्हा तो दुकानाच्या गोदामामागून हे पिल्लू पिशवीत घालून घेऊन आला. चेंडूसारखं गोल पोट होतं त्याचं. दोघं जाम खूश झाले. तिनं त्याचं नाव ठेवलं ढेऱ्या. सकाळ-संध्याकाळ दूध-ब्रेड, वर मागेल तेव्हा वाटीभर दूध. “बघा, कसं अंगी लागतंय!” ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पोट दाखवायची. पोट सगळ्यांनी बघितलं. त्याच्या वर बरगड्या मोजता येत होत्या, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

बाथरूमचं दार लागलं. त्यानं फेस पुसला, शर्टाच्या खिशातून जुलाब थांबवायच्या गोळ्यांची पट्टी काढली. माणसाला एक, तर ह्याला पाव, एवढाच त्याचा विचार. सुरीनं पाव भाग तुटेना. गोळी सरळ मधोमध मोडली. बाथरूममधला नळ बंद झाला तसा तो घाबरला आणि अर्धीच लोण्याच्या बोटानं पिल्लाच्या जिभेवर सारली. पिल्लानं बोट चाटलं. आणखी मिळेल म्हणून शेपटी हलवली.

बायको केस पुसत आली तेव्हा तो चपला घालत होता.

“दवाखान्याचं?”

“दुपारपर्यंत बघू. आपोआप थांबेल.”

दुपारी तिचा दुकानात फोन आला. “अहो, थांबलं हो! सकाळपासून एकदाही नाही!”

“उगाच घाबरतेस तू,” तो म्हणाला. फोन ठेवून तो मालकाकडे वळला. “बघितलंत शेठ? जनावरालासुद्धा माझाच गुण येतो.”

“मग बाहेर पाटी लावू का, ढोरांचा डॉक्टर म्हणून?” मालक म्हणाला. दोघं पोट धरधरून हसले.

संध्याकाळी त्यानं दार उघडलं तेव्हा पिल्लू धावत आलं नाही. बायको त्याला मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली होती. मान लुळी, डोळे अर्धवट मिटलेले, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. तिच्या कपड्यांवर उलटी होती आणि त्या उलटीतही जंत होता.

“आता एक शब्द बोलू नका,” ती म्हणाली. “रिक्षा बघा.”

जनावरांची डॉक्टरीण त्यांच्या मुलीच्या वयाची होती. बाह्या दुमडलेल्या, हातांवर मांजरांचे ओरखडे. तिनं पिल्लाला पत्र्याच्या टेबलावर ठेवून पोट दाबलं. पिल्लू कण्हलं. तिनं कानातली नळी पोटाला लावून बराच वेळ ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

“खायला काय देता?”

“दूध,” बायको म्हणाली. “दुधात ब्रेड. आणि मग नुसतं दूध.”

“गाई-म्हशीचं दूध पिल्लांना सोसत नाही, काकू. त्यानं जुलाब होतात. आणि पोट भरलंय ते जंतांनी. तुम्हाला वाटलं असेल बाळसं धरलंय.”

बायकोचं तोंड उतरलं.

“घरी काही औषध दिलंत?”

“नाही,” तो म्हणाला. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाला.

“सकाळपर्यंत जुलाब म्हणता, आणि आता आत काहीच हालचाल नाही. हे काही मला पटत नाही.” डॉक्टरीण स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. “काही दिलं नाही ना? नक्की?”

“नाही म्हटलं ना.”

तिकडे बायको टेबलावर वाकून पिल्लाच्या कानाशी लागली होती. “मीच रे पाजलं तुला. तू मागितलंस की वाटी पुढं सरकवली मी. माझ्याच हातानं मारलं रे तुला, सोन्या.”

“अजून मेलं नाहीये ते, काकू. जरा बाजूला व्हा.” डॉक्टरणीनं जंतांच्या औषधाची बाटली हलवली आणि सुई नसलेल्या सिरिंजमध्ये औषध ओढायला घेतलं.

तो भिंतीला टेकून उभा होता. बायको रडत होती आणि ते रडणं त्याच्या सोयीचं होतं. खोटं कशाला बोला, त्याला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. दूध तिनंच पाजलं होतं ना? डॉक्टरीणच म्हणाली. मग राहू दे. मेलंच तर दुधानं मेलं. बायको जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल आणि आपण पाठीवरून हात फिरवत म्हणू, जाऊ दे गं, तुला काय माहीत होतं.

एवढं सगळं त्याच्या मनात आलं, अगदी पाठीवरून हात फिरवण्यापर्यंत. मग सिरिंज पिल्लाच्या तोंडाशी गेली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं औषध पोटात गेल्यावर काय होईल ह्याचा विचार केला. आतडं आपण थांबवलंय. आत हे जंत मरणार. मेलेले जंत जाणार कुठून?

“थांबा,” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, “थांबा! गोळी दिलीय मी. सकाळी. अर्धी.”

“कसली?”

“जुलाब थांबवायची. माणसांची.”

डॉक्टरणीनं सिरिंज खाली ठेवली. “दोनदा विचारलं मी. दोनदा! हे आता पाजलं असतं तर उद्या मला वाटलं असतं माझंच चुकलं.” तिनं कपाटातून सलाईनची बाटली काढली. “करता काय तुम्ही?”

“औषधाच्या दुकानात असतो.”

“तरीच,” ती म्हणाली आणि पिल्लाच्या पायावरचे केस कापायला लागली.

बायको ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडायची थांबली, एवढंच. गाल पुसून तिनं पिल्लाचा पाय सुईसाठी नीट धरला. त्याच्याकडे एकदा बघितलं. ते बघणं रागाचं असतं तर त्यानं सहन केलं असतं. पण एखाद्या अनोळखी माणसाचा चेहरा लक्षात ठेवावा तसं ती बघत होती.

दवाखाना बंद व्हायच्या वेळेपर्यंत तो बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिला. आत जायची त्याची हिंमत होईना. त्याला एकेक गिऱ्हाईक आठवायला लागलं. पोटावर हात दाबून आलेला म्हातारा. तान्हं मूल खांद्यावर टाकून “डॉक्टर, ह्याचं पोट थांबतच नाही” म्हणणारी बाई. तिला काय दिलं होतं? आठवेना. ती पुन्हा दुकानात आली होती का? तेही आठवेना. बरं झालं असेल म्हणून आली नसेल, असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं. ह्यापूर्वी हे वाक्य किती सहज पचायचं त्याला.

पिल्लू वाचलं. दुसऱ्या दिवशी आतडं हललं, मग डॉक्टरणीनं थोडंथोडं करून जंतांचं औषध दिलं, आणि मुठीत मावणार नाहीत एवढे जंत पडले. ते उचलायचं काम त्यानं मागून घेतलं. हातमोजे घालून गॅलरी धुतली, गरम पाणी ओतलं, पुन्हा धुतली. दूध बंद झालं, मऊ भात सुरू झाला. पोट बसलं, तसं नुसतं कातडं आणि हाडं राहिली. ढेऱ्या हे नाव त्याला आता शोभेना, पण हाक मारली की ते यायचं, त्याच्याकडेही यायचं. तो खाली बसला की त्याचं बोट चाटायचं. तो बोट काढून घ्यायचा.

बायको त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही. चहा वेळेवर, डबा वेळेवर. तो भांडणाची वाट बघत राहिला. एकदा तर त्यानं मुद्दाम विषय काढला, “माझं चुकलंच गं.” ती म्हणाली, “हो,” आणि पिल्लाचा भात कालवायला गेली.

पुढं एका दुपारी तिचं डोकं दुखत होतं. सुट्टीचा दिवस होता. ती पडदा ओढून पडली होती. तो नेहमीसारखा गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन गेला. संसाराच्या सगळ्या वर्षांत तिनं अशा वेळी न बघता फक्त तळहात पुढं केला होता.

ती उठून बसली. “पट्टी कुठंय?”

“कशाला? साधी डोकेदुखीचीच आहे.”

“आणा.”

त्यानं पट्टी आणून दिली. तिनं उशाखालचा चष्मा घातला, पडदा थोडा सरकवला आणि पट्टी उजेडात धरून ओठ हलवत एकेक अक्षर लावायला लागली. तिला त्यातलं फारसं कळणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. तिचं वाचून होईपर्यंत तो पेला धरून उभा राहिला.