आधी ऐका, नाव उद्या

नवऱ्याच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर अंगठ्याचा ठसा होता — त्यांचा नव्हे, तिचाच, रोज पुसता पुसता उमटणारा — आणि फडक्याने तो घालवत ती सांगत होती, "अहो, स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय..." साल एकोणीसशे ब्याण्णव, त्यांना जाऊन वर्ष होत आलेलं.

बाहेरच्या खोलीत सुनेची शिकवणी चालली होती. परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून इंग्रजी साहित्यातल्या संज्ञांची घोकंपट्टी — एक नाव, एक व्याख्या, एक उदाहरण, की चला पुढे.

"अपॉस्ट्रफी. अक्षराच्या डोक्यावरची शेपटी नव्हे रे, हा अलंकार! जो समोर नाही, मेलाय किंवा निर्जीव आहे, त्याच्याशी तो ऐकतोय असं समजून बोलायचं. उदाहरण?"

पोरं व्याख्याच वहीत उतरवत राहिली.

"अरे, आमच्या सासूबाई! रोज सकाळी सासऱ्यांच्या चष्म्याशी गप्पा. आत्ताही चालल्या असतील."

"मॅडम, मग यात निर्जीव कोण? चष्मा की सासरे?"

हशा पिकला. सूनही हसली.

आत सासूबाईंची कानशिलं तापली. चष्म्याशी? मी चष्म्याशी बोलते?... खुर्चीवर धूळ बसली तर पुसते, म्हणून मी खुर्चीशी संसार केला का? आणि 'समजून' म्हणे! काय समजून? — या संज्ञा तीही शिकली होती, कॉलेजात, लाकडी बाकांवर, पण तिचे सर आधी कविता वाचत, पुस्तक मिटत, खिडकीबाहेर बघत उभे राहत, आणि कोणी वही उघडली की म्हणत, "आधी ऐका. नाव उद्या." मग घरी जाताना कवितेतली हाक डोक्यात घुमत राहायची — कोणाची तरी, कोणाला तरी मारलेली — आणि दुसऱ्या दिवशी नाव कळायचं तेव्हा ते लहान वाटायचं, हाकेपुढे अगदीच लहान. इथे मात्र आधी नाव, मग माणूस शोधायचा, त्या नावाखाली दाबून बसवायला. आणि घरातच सापडला की काय, चालण्याचेही कष्ट नाहीत!

मुलं गेल्यावर ती बाहेर आली.

"मला उदाहरण केलंस?"

"अहो आई, मनावर नका घेऊ. बघा, आता जन्मात विसरणार नाहीत ती."

"ती नाही विसरणार गं. माझं काय?"

"म्हणजे?"

ती आत आली, दार लोटलं, म्हणाली, "अहो —" आणि अडली. ते हयात असतानाही वर्तमानपत्राआडून नुसतं "हं" म्हणायचे. तेवढ्या "हं"पुरती जागा सोडून बोलायची सवय तिच्या जिभेला लागली होती, आणि ते गेल्यावरही ती जागा कधी मोकळी वाटली नव्हती. व्याख्येत ती जागा कुठे होती? आज पहिल्यांदाच तिथे काही नव्हतं... नाही, होतं. मघाची मुलं तिथे अजून हसत होती.

सून पुढे मुख्याध्यापिका झाली. चष्मा-सासरे विचारणारा कार्टा स्वतःच इंग्रजी शिकवू लागला; कोणाच्या तरी सासूबाईंचं उदाहरण अजून देतो म्हणे, आणि पोरं हसतात म्हणे. आणि ती — म्हणजे मीच — अजून बोलते. दार लावून, भराभर. मधे जागा सोडत नाही — सोडली तर तिथून कोण उत्तर देईल, आता सांगता येत नाही.