मालकीणबाईंचा पहिला दिवस

सभासद व्हायचं खूळ माझं नव्हतं, जाऊबाईंचं. नैसर्गिक धान्याचं ते सहकारी दुकान त्याच सांभाळतात. दोन वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडत होत्या, "अगं, नुसती गिऱ्हाईक म्हणून काय राहतेस? सभासद हो. आपल्याकडे सभासद तोच मालक." झाले एकदाची. सोमवारी सकाळी चार जणांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच माझ्या गळ्यात एप्रन पडला. तिथला नियमच तसा, प्रत्येक सभासदाने महिन्यातून तीन तास दुकानात राबायचं. मालकीण म्हणे!

काम तसं सोपं. भिंतीला लागून पिठांचे उघडे डबे, प्रत्येकात एक मोठा चमचा. सगळीकडे पांढरे, लाल फक्त शेंगदाण्याच्या पिठात. लाल चमचा दुसऱ्या डब्यात जाता कामा नये, हे जाऊबाईंनी तीनदा बजावलं. तिसऱ्यांदा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तीस वर्षं कपडे शिवतेय, मला रंग कळतात."

अकराच्या सुमारास माझी एक जुनी गिऱ्हाईक आली. तिच्या मुलीचे शाळेचे फ्रॉक मीच शिवते. त्या पोरीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे नुसती खाज नाही, श्वासच कोंडतो. गेल्या वर्षी एका बिस्किटापायी तीन दिवस दवाखान्यात होती.

"तांदळाचं पीठ द्या. इथलं चालेल ना हो हिला?" तिने विचारलं.

"न चालायला काय झालं? आता दुकान आपलंच आहे," मी म्हटलं आणि ऐटीत पिशवी भरून दिली. तोंडाची टकळी चालू होती, हाताकडे बघतंय कोण!

ती गेली आणि मी वळून बघितलं, तर तांदळाच्या पिठात लाल चमचा उभा. आधीच्या बाईला शेंगदाण्याचं पीठ दिलं होतं, तोच हातात राहिलेला. मी जाऊबाईंकडे धावले आणि सगळं सांगितलं.

"हळू बोल!" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "चिमूटभर लागलं असेल चमच्याला. बोभाटा झाला तर उद्यापासून कुत्रंसुद्धा फिरकणार नाही इकडे. जा, तेवढं त्या बाईला सांगून ये."

एप्रन अंगावर तसाच ठेवून मी पळत सुटले. या वयात तिच्या घराचे तीन जिने कसे चढले, माझं मला माहीत. दार पोरीनेच उघडलं. दोन्ही हात पिठाने पांढरे.

"खाल्लंस का गं? तोंडात घातलंस?"

"नाही. आत्ताच मळायला बसलोय."

तिची आई बाहेर आली. मी धापा टाकत सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. तिने पोरीला उचलून नळाखाली धरलं, कोपरापर्यंत हात साबणाने घासले, तोंड उघडायला लावून ओठ, जीभ, घसा सगळं बघितलं. मग पोरीला मांडीवर घेऊन तिचा श्वास ऐकत बसली. मी दारातच उभी. रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती.

"प्रत्येक दुकानात मी पुड्यावरची बारीक अक्षरं वाचते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आज नुसतं तुम्हाला विचारलं."

"चुकलं माझं."

"ते राहू द्या. माझ्यानंतर कोणी नेलं?"

"माहीत नाही."

"डबा तरी उचललात?"

ओळखीच्या पोरीसाठी जीव तोडून धावले होते आणि डबा तसाच उघडा टाकून आले होते. शेंगदाणा न चालणारी जगात ही एकच पोर आहे, असं समजून.

जिन्यातूनच जाऊबाईंना फोन लावला.

"पोर कशी आहे?" त्यांनी घाईघाईने विचारलं.

"बरी आहे. जाऊबाई, तो डबा..."

"सुटले गं बाई! जीव टांगणीला लागला होता. थांब हं, समोर गिऱ्हाईक उभं आहे. तेवढं तांदळाचं पीठ बांधून देते."

"देऊ नका!" मी ओरडले.

त्यांनी फोन ठेवला होता.